पेट्झव्हालचं पितळी भिंग

1839 मध्ये दागेरोटाइप या छायाचित्रणाच्या पद्धतीची घोषणा झाली, पण माणसाचा चेहरा टिपणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा वापरात असलेल्या, शेव्हालिए या भिंगकाराच्या भिंगातून प्रकाश इतका थोडा येई, की मिनिटामागून मिनिटं न हलता बसावं लागे. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी हा प्रश्न कागदावर सोडवला. अफाट आकडेमोडीसाठी आर्चड्यूक लुडविगने तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले. 1840 मध्ये भिंग तयार झालं: पुढे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा, मागे मधे फट ठेवलेल्या दोन. अॅपर्चर सुमारे एफ 3.6, म्हणजे आधीच्यापेक्षा कितीतरी पट जास्त प्रकाश. फोटो स्टुडिओचा धंदा उभा राहिला तो या भिंगाच्या जिवावर. फॉइग्टलेंडर कंपनीने ते बनवलं, आणि पुढे तिचं नि पेट्झव्हाल यांचं बिनसलं.

2013 मध्ये लोमोग्राफी या कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर याच रचनेचा 85 मिमी, एफ 2.2 लेन्स मांडला. लोकांनी 13 लाख डॉलरहून अधिक पैसे दिले आणि रशियातल्या झेनिटच्या कारखान्यात तो बनला. नळी पितळेची. फोकससाठी बाजूला दातेरी चाकाची गुंडी. अॅपर्चर बदलायचं तर नळीवरच्या खाचेत भोक पाडलेली धातूची पट्टी सरकवायची. ही 1858 ची जॉन वॉटरहाउसची युक्ती.

या लेन्सने काढलेल्या फोटोत मागची पानं चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात. कारण सेन्सर सपाट, पण भिंगाची रेखीव प्रतिमा वाडग्यासारख्या वक्र पृष्ठभागावर पडते. त्यात कडेच्या किरणांचा दृष्टिवैषम्याचा दोष, आणि तिरके किरण नळीच्या काठाने अडतात. म्हणून कडेचे प्रकाशाचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे होतात.

आज गिऱ्हाईक या गरगरीसाठीच पैसे मोजतं. मला मात्र ती लवकर कंटाळवाणी होते. पेट्झव्हाल यांची खरी कमाई मधोमध आहे: चेहऱ्याची रेखीवता आणि तिच्यापासून हळूहळू मऊ होत जाणारे कान, केस, खांदे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात प्रतिमा मोठी करून पापणीवर अचूक फोकस करता येतो, त्यामुळे ऑटोफोकस नसल्याचं दुःख राहत नाही.

हा लेन्स हाती आला तर पानांनी भरलेलं झाड टाळा. साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात माणूस बसवा, चेहरा मधे ठेवा.