कुठे शिकलात, आणि काय येतं?

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला. गाडीत कुणी "इथे डॉक्टर आहे का हो?" असं विचारलं की मी गप्प बसून राहतो. तेव्हा या विषयावर मी कशाला बोलतोय, अशी शंका तुम्हाला आली तर ती रास्तच आहे. पण काल अक्कलकुव्यात उतरल्यावर युनानीचा एक इंटर्न भेटला. म्हणाला, "सर, साडेचार वर्षं शिकलो, आता वर्षभराची इंटर्नशिप. त्यातले सहा महिने सरकारी दवाखान्यात. एमबीबीएसवाल्याचंही तेवढंच. मग मेडिसिनमध्ये एमडी त्यालाच का करता येतं?"

नियम सरळ आहे. नीट-पीजी एमबीबीएसवाल्यांसाठी, युनानी, आयुर्वेद, होमिओपॅथीवाल्यांची परीक्षा वेगळी, आणि एमडीही आपापल्या पॅथीतलंच. पण मुलगा नियम विचारत नव्हता, तो न्याय विचारत होता.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रूपात येऊन गेला. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्कस्विलला ऑस्टिओपॅथीचं कॉलेज काढलं. हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करणं हा त्यांचा मूळ आग्रह. पुढे त्या कॉलेजांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सगळं घेतलं आणि तिथले पदवीधर, म्हणजे डीओ, एमडींच्या जवळजवळ बरोबरीचं शिकू लागले. तरी अडचण राहिलीच. फ्लोरिडा, मिशिगन, पेनसिल्व्हेनियासह पाच राज्यांत डीओला परवाना हवा तर पहिलं वर्ष ऑस्टिओपॅथीच्या संघटनेने मान्य केलेल्या ठिकाणीच काढावं लागे. एखाद्याला एमडींच्या रुग्णालयात रेसिडेन्सी मिळाली, तर एक वर्ष जादा काढा, नाहीतर ते वर्ष मान्य करा म्हणून संघटनेकडे अर्ज करा! २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचा समझोता झाला आणि २०२० मध्ये रेसिडेन्सीला मान्यता देणारी व्यवस्था एकच झाली. (त्याआधी, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर दोन हजारांहून अधिक डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी मिळाली होती. कालपर्यंत कमी होते ते एका पावतीने बरोबरीचे झाले!)

म्हणजे तिथे "काय येतं?" याचं उत्तर दोघांचं सारखंच होतं. भांडण होतं ते "कुठे शिकलात?" यावर. म्हणून ती भिंत पाडली हे योग्यच झालं.

आपल्याकडे तसं म्हणता येत नाही, हे त्या मुलाला सांगणं मला जड गेलं. शरीररचना, शरीरक्रिया त्यांनाही असते. आधुनिक औषधशास्त्र मात्र एमबीबीएसइतकं खोलवर नसतं. ॲरिस्टॉटल, जो स्वतः वैद्याचा मुलगा होता, एक भेद करतो: अनुभवी माणसाला 'असं होतं' हे कळतं, शास्त्र जाणणाऱ्याला 'का होतं' हेही कळतं. आणि तोच पुढे म्हणतो की नुसतं शास्त्र जाणणाऱ्यापेक्षा अनुभवी माणूस पुष्कळदा रोग्याला जास्त उपयोगी पडतो. आता सर्पदंशाचा रोगी घ्या. त्याला कोणतं इंजेक्शन द्यायचं हे इंटर्न पाहून शिकेल. पण त्या इंजेक्शनचीच रिॲक्शन येऊन रोग्याचा रक्तदाब कोसळला, तर अॅड्रेनॅलिन किती आणि का, हे पाहून येत नाही. इंटर्नशिप जे शिकलंय ते हातात उतरवते. जे शिकलंच नाही ते कुठून उतरवणार?

मग मधला मार्ग. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या एका होमिओपॅथला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की राज्यांना कायद्याने अशी मुभा देता येते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला. तो केलेल्यांची नोंद वैद्यक परिषदेत करायची की नाही, यावर २०२५ मध्ये ॲलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले.

या वादातलं एक वाक्य मला फार खुपतं: "खेड्यात एमबीबीएस जात नाहीत, निदान यांना तरी जाऊ द्या." म्हणजे मुंबईला जे चालणार नाही ते मोलगीला चालेल? आदिवासी माणसाचा ताप कमी प्रतीचा असतो का हो?

पण दुसऱ्या बाजूचंही मला पटत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकांत बरेचसे बीएएमएस डॉक्टरच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही असतात. रात्री दोन वाजता आलेली बाळंतीण त्यांच्या हवाली करायची आणि सकाळी त्यांना 'तुम्हाला काय येतं?' म्हणून विचारायचं, हे बरं नाही. जबाबदारी देता ना? मग पुरतं शिकवा, आणि एमबीबीएसवाल्याला जी परीक्षा तीच यांना द्या. गुण माफ नकोत, आणि दारही बंद नको. पूल बांधायचा तर पलीकडच्या काठापर्यंत बांधायला हवा, एका वर्षात नाही झाला तर तीन वर्षांत.

त्या मुलाला मी म्हटलं, "बाबा, तू सवलत मागू नकोस, परीक्षा माग."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मागतो सर. पण तीन वर्षं घरी कोण पोसणार? आणि तोवर मोलगीला रात्री कोण थांबणार?"

मला काही सुचलं नाही. इथे बरेच डॉक्टर बसले आहेत. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर आधी तेच ऐकू, माझ्यासाठीचे प्रश्न मग घेऊ.