साडेतीनशे मैलांवरचा आवाज आला, सात मैलांवरचा आला नाही



गोष्ट गेल्या हंगामातली, एप्रिल संपत आलेला. वारा पडलेला, दर्या तेलासारखा सपाट. आमच्यातला एक ट्रॉलर बेतुलच्या बाहेर होता. रात्री दहाच्या सुमारास वायरलेसवर गुजराती बोलणं यायला लागलं, शेजारी उभं राहून बोलावं इतकं स्वच्छ. कोणाला नवल वाटलं नाही, वेरावळच्या बोटी इकडे खाली येतातच. तांडेलने सहज विचारलं, "भाई, किधर हो?" समोरच्याने आकडे सांगितले, वीस अंश तीस मिनिटं उत्तर, सत्तर पूर्व. आपला ट्रॉलर पंधरा अंशावर. तांडेलला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. आकडे तेच. मध्ये साडेतीनशे मैल! (मैल म्हणजे इथे दर्यातला मैल.)

मग काय, अर्धा तास गप्पा. डिझेल, भाव, बांगडा कुठे लागला, सगळं. त्याच वेळी आपल्याच एका फायबर होडीचं इंजिन बंद पडलं होतं. ट्रॉलरपासून जेमतेम सात मैलांवर. होडीवरचा पोरगा हातातल्या सेटवरून त्याच चॅनलवर हाका मारत होता. ट्रॉलरवर एकही हाक पोचली नाही. होडी रात्रभर वाहत गेली आणि सकाळी दुसऱ्या बोटीने ओढून आणली. माणसं सुखरूप आली, पण घरच्यांनी ती रात्र कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.

जेटीवर दोन दिवस वाद चालला. एक म्हणे, ट्रॉलरचा सेट भारी, गुजरात पकडतो. दुसरा म्हणे, पोराने सेट लावलाच नसेल. दोन्ही चूक. आम्ही ओळखीतल्या एका हॅमला गाठलं. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे लोक. त्यांचा एक पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. आपला सोळा नंबरचा चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झ. म्हणजे एकाच वाडीतली दोन घरं, लहरींची वागणूक सारखीच. आपल्याला त्या रात्री जे अचानक मिळालं, त्याच्या मागे हे लोक वर्षानुवर्षं लागलेले असतात.

आधी रोजचा हिशोब. व्हीएचएफची लहर जवळजवळ सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. एरियल पाण्यापासून ४ मीटर उंच असेल तर त्याचं क्षितिज सुमारे ८ किलोमीटरवर. समोरच्या बोटीचंही तेवढंच धरलं तर दोघांत १६ किलोमीटर, म्हणजे नऊ मैल. दोन्हीकडे ९ मीटर उंची केली तर साधारण तेरा मैल. सेट २५ वॅटचा असो की त्याहून मोठा, क्षितिज हलत नाही. उंचीने हलतं. किनाऱ्यावरचं एरियल १०० मीटर उंच डोंगरावर असेल तर त्याच ४ मीटरच्या बोटीशी सव्वीस मैलांपर्यंत बोलणं होऊ शकतं. प्रत्यक्षात थोडं इकडे-तिकडे होतं, पण भरवसा ठेवायचा तो एवढ्यावरच.

मग साडेतीनशे मैल कुठून आले? हवेमुळे. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. पण उन्हाळ्यात जमिनीवरची तापलेली, कोरडी हवा दर्यावर सरकते. खाली पाण्याला लागून थंड, दमट हवा असते. वर गरम, खाली थंड, असं पातेल्यावर झाकण बसतं. लहर वर गेली की त्या झाकणापाशी वाकून खाली येते, पाण्यावर आपटून पुन्हा वर जाते. पाटाचं पाणी जसं बांधाबाहेर न सांडता शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं, तशी ती झाकणाखालून शेकडो मैल जाते. आपल्या पट्ट्यातली लहर धरून ठेवायला हा थर सुमारे १८० मीटर तरी जाड लागतो. तो रोज नसतो.

आपल्याकडच्या जुन्या तांडेलांना याची खूण माहीत आहे, फक्त रेडिओशी तिचा संबंध कोणी जोडला नव्हता. वारा पडलेल्या, धुरकट दिवशी लांबचं जहाज पाण्याच्या वर तरंगल्यासारखं दिसतं, किंवा एरवी न दिसणारे किनाऱ्यावरचे दिवे दिसतात. त्यामागेही हेच झाकण असतं, फक्त तिथे प्रकाश वाकतो.

हॅम लोकांनी याचा किती पाठपुरावा केला बघा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जॉन चेंबर्स आणि हवाई बेटांवर राल्फ थॉमस, असे दोघे. मध्ये पॅसिफिक, सुमारे ४००० किलोमीटर. त्या काळी १४४ मेगाहर्ट्झवर एवढं अंतर म्हणजे लोक हसायचे. पण त्या समुद्रावर उन्हाळ्यात उच्च दाबाची हवा ठाण मांडून बसते आणि तिच्याखाली असाच थर तयार होतो. दोघांनी चिकाटी सोडली नाही. ८ जुलै १९५७ ला संपर्क झाला, आणि १९५९ मध्ये त्यांनी तोच पल्ला २२० मेगाहर्ट्झवरही गाठला. आज त्या वाटेसाठी हवाईच्या मौना लोआ डोंगराच्या उतारावर सतत खूण पाठवणारा छोटा रेडिओ बसवलेला आहे. तो ऐकू आला की कॅलिफोर्नियावाले समजतात, वाट उघडली.

आणि आपला अरबी समुद्र तर यात पॅसिफिकच्या तोडीचा. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला २०० मेगाहर्ट्झचं रडार होतं. उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर अरबस्तानातल्या जमिनीचे प्रतिध्वनी उमटायचे, दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरचे. शास्त्रज्ञ आजही हे उदाहरण देतात. पावसाळा सुरू झाला की तेच रडार पुन्हा साध्या पल्ल्यावर यायचं. कारण सोपं आहे. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सगळी हवा घुसळून टाकतो, झाकण राहतच नाही.

आता आपल्या होडीकडे येऊ. बाजारात दोन बाया एकदम ओरडल्या तर दोघींचं थोडं थोडं ऐकू येतं. आपले सेट एफएमवर चालतात, तिथे तसं होत नाही. एका चॅनलवर दोन आवाज आले तर सेट जोरदार तेवढा धरतो आणि दुसरा पुसून टाकतो. गुजरातच्या बोटीवर मोठा सेट, डोलकाठीवर एरियल, आणि लहर थरातून फारशी न विरता आलेली. होडीतल्या पोराच्या हातात ५ वॅटचा सेट, पाण्यापासून दोन मीटरवर. सात मैल हे त्याच्या पल्ल्यात होते, पण साडेतीनशे मैलांवरचा आवाज त्याच्याहून जोरात निघाला. पोराची चूक नव्हती. ट्रॉलरने मध्ये मध्ये अर्धा मिनिट गप्प राहून ऐकलं असतं तरी उपयोग नव्हता, समोरचा बोलतच होता. चॅनल बदलून गप्पा मारायला हव्या होत्या, एवढं मात्र खरं. आणि पोराने सोळावर हाक मारायला हवी होती. आपण सगळेच गटाच्या चॅनलवर बसून असतो आणि सोळा कोणी ऐकत नाही, ही सवय आपलीच.

हॅम लोकांचं एक आम्हाला फार पटलं. संपर्क झाला की हवापाण्याच्या गप्पा नंतर, आधी जागा सांगायची. त्यांनी सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडून त्यांना नावं दिली आहेत. पणजीचा चौकोन एमके६५. आपल्याकडे जीपीएस समोर असतो, पण बोलताना आपण म्हणतो, "त्या कालच्या जागेच्या जरा वर." शेजारच्याला ते कळतं. पण एप्रिलच्या रात्री तुमचा आवाज पोरबंदरच्या बोटीवर पोचला तर तिथल्याला काय कळणार? संकटात असाल तर सोळावर तीनदा मेडे, बोटीचं नाव, मग अक्षांश-रेखांश, दोनदा. उलट लांबचा कोणी मेडे देताना ऐकू आला तर "आपल्या हद्दीतला नाही" म्हणून सोडू नका. आकडे लिहून घ्या, जरा थांबा. कोणी उत्तर देत नसेल तर तुम्हीच मेडे रिले म्हणून पुढे सांगा. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

पण या थरावर विसंबून कोणी लांब जाऊ नये. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगडपर्यंत येऊन लागल्या. वादळाचा इशारा आला तेव्हा त्यातल्या कित्येक किनाऱ्याच्या वायरलेसच्या पल्ल्याबाहेर होत्या. वादळात हवा घुसळलेली असते, थर नसतो, आणि होडी लाटेच्या खड्ड्यात गेली की एरियल समोरच्याला दिसतसुद्धा नाही. तिथे उपग्रहाचा डॅट किंवा ट्रान्सपॉन्डरच कामाचा. तो खोक्यात ठेवू नका.

एक इशारा. बाजारात हॅम पट्ट्याचे स्वस्त वॉकीटॉकी मिळतात, काही बोटींवर ते दिसतात. लायसन्सशिवाय ते चालवणं गुन्हा आहे, आणि धंद्याचं बोलणं हॅमच्या पट्ट्यावर करायला लायसन्सवाल्यालाही परवानगी नाही. तेच पैसे एरियल उंच करायला आणि वायर बदलायला घाला. जोडात खारं पाणी शिरून हिरवं पडलं असेल तर २५ वॅटमधले किती बाहेर पडतात हे न विचारलेलं बरं.

हॅम लोक प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, जागा वहीत लिहितात. आपणही सुरुवात केली आहे. लांबचा आवाज आला तर समोरच्याचे आकडे, आपले आकडे, वेळ आणि वारा कसा होता ते संस्थेच्या ऑफिसात येऊन सांगा किंवा या पोस्टखाली लिहा. वहीत पहिली नोंद त्या एप्रिलच्या रात्रीची आहे. पुढचं पान १ ऑगस्टला बोटी सुटल्यावर.