मनोरुग्ण विभागाचे दार उघडे ठेवावे का?

घरातल्या माणसाला मनोरुग्ण विभागात दाखल करताना नातेवाईक डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘कधी बरा होईल?’ हा पहिला आणि ‘इथून पळून तर जाणार नाही ना?’ हा दुसरा. दाराला मोठे कुलूप दिसले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे त्यांना वाटते. ही भीती खोटी नाही. तीव्र नैराश्यातल्या रुग्णाच्या डोक्यात जीव देण्याचे विचार घोळत असतात. भास आणि संशयाने घेरलेला रुग्ण बाहेर पडला, तर भर रस्त्यात वाहनासमोर जाऊ शकतो. तरीही जगातल्या काही रुग्णालयांनी अशा रुग्णांच्या विभागांची दारेही दिवसा उघडी ठेवली आहेत. त्याचे परिणाम काय झाले, हे सांगणारा बराच पुरावा आता उपलब्ध आहे.

औषधांच्याही आधी

ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील मेलरोज येथील डिंगलटन रुग्णालयात डॉ. जॉर्ज मॅक्डोनाल्ड बेल यांनी एकेक करत १९४९ पर्यंत सर्व वॉर्डांची कुलपे काढली. भास-भ्रमांवरचे पहिले प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, मनोरुग्णांना दिले जाऊ लागले ते १९५२ मध्ये. म्हणजे आजची औषधे हाताशी नसतानाही एका रुग्णालयाने हे करून दाखवले होते. मात्र पुढे ‘काही विपरीत घडले तर जबाबदार कोण?’ या प्रश्नामुळे अनेक देशांत दारे पुन्हा बंद होऊ लागली.

आकडे काय सांगतात?

जर्मनीतील २१ रुग्णालयांत १९९८ ते २०१२ या १५ वर्षांत झालेल्या सुमारे साडेतीन लाख भरतींचा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही रुग्णालयांत कुलूपबंद वॉर्ड होते, तर काहींनी सर्व वॉर्ड उघडे ठेवले होते. उघड्या दाराच्या रुग्णालयांत आत्महत्या, आत्महत्येचे प्रयत्न किंवा पळून जाणे यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात, उघड्या दाराच्या रुग्णालयांत रुग्णांना बांधून किंवा कोंडून ठेवण्याचे प्रसंग कमी असल्याचे दिसले.

यावर रास्त आक्षेप असा की, मुळात कमी धोक्याचे रुग्णच उघड्या वॉर्डात ठेवले गेले असतील. संशोधकांनी सारख्या रुग्णांची सारख्यांशी तुलना करून हा दोष कमी करण्याचा प्रयत्न केला. पण नुसत्या निरीक्षणातून तो पूर्ण जात नाही. म्हणून ओस्लोमधील एका रुग्णालयाने २०२१-२२ मध्ये ५५६ रुग्णांवर थेट चाचणी घेतली. कोणता रुग्ण उघड्या दाराच्या वॉर्डात जाणार आणि कोणता नेहमीच्या, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले गेले. सक्तीचे औषध, बांधणे, कोंडणे असे उपाय नेहमीच्या वॉर्डात शंभरातील सुमारे ३३ रुग्णांवर वापरावे लागले, तर उघड्या दाराच्या वॉर्डात सुमारे २७ जणांवर. कर्मचाऱ्यांवरील हल्ले वाढले नाहीत. चाचणीच्या काळात एकही आत्महत्या झाली नाही. अर्थात रुग्णालयातील आत्महत्या ही दुर्मीळ घटना असल्याने साडेपाचशे रुग्णांवरून त्याबाबत अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. उघडे दार आत्महत्या टाळते, असे कोणी म्हणू नये. कुलूप ती टाळते, याचाही पुरावा नाही.

कुलूप का अपुरे पडते?

बहुतेक वॉर्डांचे दार दिवसातून शेकडो वेळा उघडते. जेवणाची गाडी येते, भेटायला माणसे येतात, तपासणीसाठी रुग्णाला खाली नेले जाते. पळून जायचे ठरवलेल्या रुग्णाला तेवढी संधी पुरते. जीव देण्याचे ठरवलेल्या रुग्णासाठी तर दाराबाहेर जाण्याची गरजच नसते. वॉर्डातील आत्महत्या बहुतांशी गळफासाने होतात. त्यामुळे न्हाणीघरातला नळ, खिडकीचा गज, छताचा पंखा यांची रचना कशी आहे, हे कुलपाइतकेच किंवा त्याहून महत्त्वाचे ठरते.

दुसरा परिणाम माणसांवर होतो. एका रुग्णासाठी लावलेले कुलूप वॉर्डातील सगळ्यांना कोंडते. ‘सिस्टर, दार उघडा’ या विनंतीला दिवसातून वीसदा ‘नाही’ म्हणावे लागले की खटके उडतात, आवाज चढतो आणि प्रकरण हातपाय बांधण्यापर्यंत जाते. रुग्ण मनातले विचार सांगेनासा होतो. जो परिचारिकेला ‘आज जगावेसे वाटत नाही’ असे सांगतो, त्याला वाचवता येते. जो गप्प बसतो, त्याला वाचवणे अवघड.

इंग्लंडमधील ३१ वॉर्डांत झालेल्या ‘सेफवॉर्ड्स’ या चाचणीत साध्या गोष्टी करून पाहिल्या गेल्या. कर्मचारी आणि रुग्णांनी एकमेकांची ओळख करून घेणे, वाईट बातमी जपून सांगणे, परस्परांकडून काय अपेक्षित आहे ते स्पष्ट ठरवणे. भांडणे, धमक्या, पळून जाणे असे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे काय?

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने होरपळून मेले. ‘सुरक्षिततेसाठी’ घातलेली बेडीच त्यांच्या मृत्यूचे कारण ठरली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड आणि एकांतात कोंडणे यांवर बंदी घातली आहे. तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने रुग्णाला बांधता येते. कर्मचारी कमी आहेत, हे कारण चालत नाही, असेही कायदा स्पष्ट सांगतो.

भारताने या विषयात स्वतःची एक वाट काढली आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णांसोबत राहायला बोलावले. आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या अनेक मानसोपचार वॉर्डांत खाटेशेजारी आई, भाऊ किंवा पत्नी बसलेली दिसते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत मात्र सोबत कोणी नसलेले रुग्ण बरेच असतात. त्यांच्यासाठी ती जागा कर्मचाऱ्यांनीच भरून काढायला हवी. रात्रपाळीला एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड सोपवून नुसते कुलूप काढले, तर तो निष्काळजीपणा ठरेल. ज्याला जास्त धोका आहे, त्याच्याजवळ सतत माणूस असणे, रोज धोका नव्याने तपासणे, रुग्ण दिसेनासा झाल्यास कोणी कुठे शोधायचे हे आधीच ठरलेले असणे आणि गरज पडल्यास दार काही काळ बंद करण्याची मुभा असणे, हे सगळे त्या धोरणाचाच भाग आहे.

नातेवाइकांनी काय करावे?

• पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर दाखल करतानाच सांगावे. लाजेपोटी लपवू नये.
• रुग्णाजवळ कोण, कधी लक्ष ठेवणार, हे विचारावे. ओढणी, नाडी, चार्जरची वायर, ब्लेड आत द्यावे का, याचीही चौकशी करावी.
• सोबत थांबणाऱ्याने झोपण्यापूर्वी किंवा चहाला जाण्यापूर्वी सिस्टरना सांगावे.
• रुग्ण अचानक शांत झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर तातडीने डॉक्टरांना कळवावे.
• घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. फेरतपासणी चुकवू नये. औषधे घरातल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवावीत.

मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते.