मांडवीचा खोटा पिंगळा

सुरतहून तापीच्या काठाने वर निघालं की मांडवी लागते. कच्छमधलं बंदर ते वेगळं. ही सुरत जिल्ह्यातली, तालुक्याचं गाव असलेली मांडवी. पक्ष्यांच्या पुस्तकांत या गावाचं नाव अनेक वर्षं छापलं गेलं, तेही एका घुबडासाठी. रानपिंगळा शेवटचा मिळाला तो इथे, ऑक्टोबर १९१४ मध्ये, असं जगभरचे अभ्यासक मानत होते. त्याला पुरावा एवढाच, की लंडनच्या संग्रहालयातल्या एका पेंढा भरलेल्या पिंगळ्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं.

चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव रिचर्ड माइनर्टझहागेन. घराणं मूळचं जर्मनीतल्या ब्रेमेनचं, पुढे लंडनमध्ये सावकारीत स्थिरावलेलं. १८७८ साली जन्मलेल्या या मुलाला पेढीपेक्षा पक्ष्यांचा नाद जास्त. एकोणिसाव्या शतकातल्या फिरत्या निसर्गअभ्यासकांचा सगळा थाट त्याने उचलला होता. खांद्यावर बंदूक, खिशात डायरी आणि गोळा केलेल्या पक्ष्यांनी भरलेल्या पेट्या. फौजेत कर्नलपदापर्यंत पोचला, हेरखात्यात नाव कमावलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघालेल्या फौजेचा तो गुप्तवार्ता अधिकारी होता. पुढे १९३७ मध्ये आपले सलीम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत हिंडले. १९५४ मध्ये त्याने ब्रिटिश संग्रहालयाला सुमारे वीस हजार पक्षी भेट दिले. एवढ्या मोठ्या दात्याच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार?

खरं तर घ्यायला हवी होती. परवानगीशिवाय नमुने उचलल्याच्या कारणावरून याच संग्रहालयाच्या पक्षी विभागाने त्याला एकेकाळी दार बंद केलं होतं.

आता त्या पिंगळ्याविषयी. आपल्या अंगणातला, आंब्याच्या ढोलीत राहणारा ठिपकेदार पिंगळा सगळ्यांना माहीत असतो. पहाटे भविष्य सांगत येणाऱ्या पिंगळा जोशाशीही त्याचं नाव जोडलेलं. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, नख्या दणकट. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमध्ये तो प्रथम मिळवला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचंच नाव दिलं. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदा-शहादा भागात, काही पिंगळे टिपले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच मिळाला नाही. अपवाद एकच, मांडवीचा.

पक्ष्याचा नमुना कसा होतो, हे इथे सांगायला हवं. कातडं अलगद सोडवायचं, आत कापूस भरायचा, पोट शिवायचं आणि पायाला तारीख-ठिकाणाची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीने उरतात नुसती पिसं. पण कातडं सोडवणाऱ्याचा हात लपत नाही. टाका कुठून सुरू केला, कापूस किती दाबला, पंख कसे बांधले, यावरून कारागीर ओळखता येतो. शिंप्याचा हात ओळखावा तसाच.

अमेरिकेतल्या अभ्यासक पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी नेमकं हेच पाहिलं. मांडवीच्या पिंगळ्याची क्ष-किरण तपासणी झाली, आतले तंतू एफबीआयच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले. पक्षी उसवून पुन्हा भरलेला निघाला, शिवण नवी घातलेली. तरीही जुन्या हाताच्या खुणा उरल्याच होत्या आणि त्या डेव्हिडसनच्या इतर पक्ष्यांशी जुळल्या. खानदेशातला पिंगळा संग्रहालयातून चोरायचा, नव्याने भरायचा, नवी चिठ्ठी लावायची आणि स्वतःच्या नावावर खपवायचा, असा तो उद्योग होता. १९९९ मध्ये हे छापून आलं तेव्हा माइनर्टझहागेनला जाऊन ३२ वर्षं झाली होती. त्याचे असे आणखी बरेच नमुने खोटे ठरले आहेत.

चोरीपेक्षा मला त्या चिठ्ठीचा राग जास्त येतो. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला होता, पण तो हाती लागला नाही. दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदी मुळात बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली सर्वांत अलीकडचीच खोटी असेल तर शोधणाऱ्याने पाय कुठे वळवायचे?

हे सगळं छापून येण्याआधीच रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या नोंदींच्या मागे त्या निघाल्या. बरोबर बेन किंग आणि डेव्हिड ॲबट होते. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, हाती काही आलं नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. डेव्हिडसन खरं लिहून गेला होता.

त्यानंतर मेळघाटात, तोरणमाळच्या परिसरात आणि यावलच्या रानात त्याचा पत्ता लागला. २०१४ मध्ये ठाण्याजवळच्या तानसा अभयारण्यात तो दिसला, तेव्हा मुंबईचे पक्षीनिरीक्षक थक्क झाले. गंमत पुढेच आहे. गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो सापडला, म्हणजे मांडवीपासून फार लांब नाही. कर्नलचा पत्ता जवळपास बरोबर निघाला म्हणायचा! पण तिथे जाऊन त्याने पक्षी पाहिला नव्हता, त्यामुळे श्रेय शून्य.

सागाच्या रानावर जगणारा हा पक्षी आजही धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. तोरणमाळला गेलात तर त्याच्यासाठी रात्रीची वाट पाहू नका. हा पिंगळा दिवसाढवळ्या, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण फांदीवर बसतो.