खेळातील हायड्रोजन आणि 'स्फोट' शब्दाची व्याप्ती

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास 'स्फोट' हा शब्द भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'तून परिचित असतो. तेथे तो अर्थ प्रकट करणाऱ्या अखंड शब्दतत्त्वाचा वाचक आहे. व्यवहारात मात्र या एका शब्दाखाली परस्परभिन्न अशा कित्येक घटना एकत्र येतात. त्यांचा भेद स्पष्ट करण्यास 'पावडर टॉय' हा संगणकावरील खेळ उपयोगी पडतो, म्हणून त्याचा येथे विचार केला आहे.

या खेळाचा पट ६१२ ठिपके रुंद व ३८४ ठिपके उंच असतो. त्यावर वाळू, पाणी, धातू, वायू यांचे कण टाकावयाचे आणि काय घडते ते पाहावयाचे. प्रत्येक कण लगतच्या कणांनुसार ठरावीक नियमाने वागतो. थोडक्या नियमांतून असंख्य रूपे सिद्ध व्हावीत, ही व्याकरणाचीच रीत होय.

हायड्रोजनासंबंधी दोन नियम महत्त्वाचे आहेत. लगत अग्नी आल्यास तो पेटतो. त्या ज्वालेत ऑक्सिजनही मिसळला असेल, तर ती निवल्यावर पाणी होते. दुसरे असे की, तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब खेळाच्या मापाने ५० च्या वर गेला, म्हणजे हायड्रोजनाचे संमीलन होऊन निष्क्रिय वायू उत्पन्न होतो. सूर्याच्या गाभ्यात संमीलन घडते ते सुमारे १ कोटी ५० लाख अंशांस. अर्थात खेळातील क्रम खरा, पण आकडे खरे नव्हेत.

याहून महत्त्वाची उणीव निराळी आहे. खेळात हायड्रोजन पेटण्यास ऑक्सिजनाची अट नाही, प्रमाणाचीही नाही. प्रत्यक्षात हवेतील हायड्रोजनाचे प्रमाण सुमारे ४ ते ७५ टक्के असेल तरच मिश्रण पेटते. शिवाय पेटल्यावर दोन मार्ग संभवतात. शांत ज्वाला न जळलेल्या वायूत सेकंदाला फार तर तीनएक मीटर वेगाने शिरते. आघाततरंगासह पुढे जाणारे ज्वलन सेकंदाला सुमारे २,००० मीटर, म्हणजे ध्वनीहून कितीतरी अधिक वेगाने धावते. पहिल्यापासून पळून जाण्यास अवधी मिळू शकतो, दुसऱ्यापासून मिळत नाही. खेळाच्या नियमांत हा भेद नाही आणि आपल्या 'स्फोट' या शब्दातही नाही.

बोलीत मात्र तो आहे. बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावी काळ्या खडकात विहीर खोदताना वात पेटते, सुरुंग उडतो, खडक फुटतो. कडब्याची गंज भडकते. या चार क्रियापदांची अदलाबदल कोणी करीत नाही, कारण सुरुंगापासून किती दूर उभे राहावयाचे हे त्यांवरच ठरते. ज्याला परिभाषा घडवावयाची आहे, त्याने कोशाकडे वळण्यापूर्वी या विहिरीच्या काठी थोडे थांबावे.

आमची सूचना अशी की, मंद ज्वालाप्रसारास 'भडका', ध्वनीहून शीघ्र ज्वलनास 'प्रस्फोट' आणि टाकी वा नळी दाबाने फुटण्यास 'विदारण' म्हणावे. प्रयोगशाळेतील सूचनाफलकावर नुसते 'स्फोटाचा धोका' असे लिहिल्याने वाचणाऱ्यास भय वाटते, परंतु काय करावे हे कळत नाही.