साइन आउट केल्याशिवाय उठू नका

दिवाळीच्या सुमारास धानखरेदीचा हंगाम लागला, की अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावी नोंदींची घाई सुरू होते. असल्या घाईत एकाच संगणकावर आळीपाळीने दोघे-तिघे बसतात. सामायिक फोल्डर असतं दुसऱ्या मशीनवर, सर्व्हरवर. सकाळी एकाने पासवर्ड टाकला, की दिवसभर कुणालाच विचारणा होत नाही. सोय मोठी आहे. धोकाही तिच्यातच आहे.

फोल्डर उघडताना मूळ पासवर्ड तारेवरून जात नाही. सर्व्हर दर वेळी एक नवा, अंदाज न येणारा आकडा पाठवतो. आपला संगणक पासवर्डाच्या हॅशने, म्हणजे त्यावरून काढलेल्या सांकेतिक ठशाने, त्याचं उत्तर काढतो आणि त्याच हिशेबातून दोन्हीकडे ‘सेशन की’, म्हणजे तात्पुरती किल्ली, तयार होते. मोठ्या कार्यालयांत हे काम कर्बेरॉस ही ओळख तपासणारी यंत्रणा करते. तिचं तिकीट विंडोजमध्ये सहसा १० तास चालतं. पुढे प्रत्येक निरोपावर या सेशन कीच्या आधारे सही होते. वाटेत कुणी ४० क्विंटलचे ४०० केले, तर सही जुळत नाही आणि निरोप नाकारला जातो. सामायिक फोल्डर ज्या एसएमबी पद्धतीने उघडतात, तिच्या २०१२च्या ३.० आवृत्तीपासून मजकूर कुलूपबंद करण्याचीही सोय आली.

ही किल्ली राहते मेमरीत. पडदा बंद केला किंवा स्क्रीन लॉक केली, तरी ती तिथेच असते. २७ जून २०१७ला नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. एसएमबीतल्या ज्या भोकातून तो शिरत होता, त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण नॉटपेट्या अशीच मेमरीत राहिलेली लॉगिनची माहितीही उपसत होता. त्यामुळे पॅच घातलेली मशीनंसुद्धा पडली. म्हणून माझा आग्रह आहे: ज्याचं त्याचं लॉगिन वेगळं हवं, रोजच्या कामाला अ‍ॅडमिनचं लॉगिन नको आणि उठताना साइन आउट हवंच.

विंडोज ११ प्रोच्या २०२४च्या आवृत्तीपासून सही सक्तीची झाली. त्यामुळे बिनपासवर्डाची, ‘गेस्ट’ म्हणून उघडणारी जुनी फोल्डरं अचानक उघडेनाशी होतात. अशा वेळी सहीची सक्तीच काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. गेस्टला पासवर्ड नसतो, म्हणून सहीसाठी किल्लीच तयार होत नाही. त्या फोल्डरला प्रत्येकाच्या नावाचं खातं आणि पासवर्ड द्या, ते पुन्हा उघडेल.