सुट्टीतली प्रयोगशाळा आणि सरांचं पत्र

नोव्हेंबर संपत आलेला असतो. दुपारच्या प्रॅक्टिकलची बॅच सुटते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत उभी राहते. ‘‘सर, एक शिफारसपत्र हवं होतं. उद्या शेवटची तारीख आहे.’’ सर पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर करतात, चष्मा सारखा करतात आणि विचारतात, ‘‘नाव काय म्हणालीस तुझं?’’

मग गेल्या वर्षी कुणाला तरी दिलेलं पत्र शोधलं जातं. त्यातलं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो : विद्यार्थिनी मेहनती आहे, आज्ञाधारक आहे, तिची वर्तणूक चांगली आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा. सरांना वाटतं, आपण मदत केली. मुलीलाही तसंच वाटतं. मार्चमध्ये निवडीची यादी लागते, तिचं नाव त्यात नसतं आणि ‘आपल्यासारख्यांचं तिथे काय काम’ असा समज कायमचा मनात बसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मोठ्या संस्थांत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळते, हे अजूनही अनेक घरांना ठाऊक नाही. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन अकादम्यांनी २००७ पासून एकत्रितपणे उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालवली आहे. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्याला विद्यावेतनही मिळतं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची ‘आयुका’, बंगळूरचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र यांचे स्वतःचे सुट्टीतले कार्यक्रम आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा ‘नियस’ हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. प्रत्येकाचे नियम आणि तारखा वेगळ्या असल्या, तरी बहुतेक ठिकाणी गुणपत्रिकेबरोबर आणखी दोन कागद महत्त्वाचे ठरतात. एक, विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर आणि दुसरा, शिक्षकाचं पत्र.

मोठ्या शहरातल्या नामवंत कॉलेजात ही माहिती वरच्या वर्गातल्या मुलांकडून आपोआप खाली झिरपते. तालुक्याच्या कॉलेजात ती शिक्षकानेच आणावी लागते. म्हणून शिक्षकाचं काम नोव्हेंबरात सुरू होऊन चालत नाही. जून-जुलैमध्ये कॉलेज उघडलं की संस्थांची नावं फळ्यावर लागली पाहिजेत. आणि फळ्यावर लावून थांबताही येत नाही, कारण ‘हे आपल्यासाठी आहे’ असं ज्याला वाटतच नाही तो विद्यार्थी फळ्यापाशी थांबत नाही. त्याला हाक मारून सांगावं लागतं.

पत्रात काय लिहायचं?

प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग चुकलं की पुस्तकातलं उत्तर पाहून ते ‘जमवायचं’, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. जर्नल सुबक होतं, सही मिळते, एक्स्टर्नलही खूश. अशा वर्गात एखादी मुलगी टायट्रेशनचं रीडिंग तीनदा वेगळं आलं म्हणून तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिते, मग ब्युरेटची तोटी गळतेय हे शोधून काढते. तिच्या जर्नलमध्ये खाडाखोड असते, गुणही कदाचित एखाद-दोन कमी पडतात. पण संशोधन करणाऱ्या माणसाला नेमकी हीच मुलगी हवी असते. आणि हे सांगणारा कागद तिच्या गुणपत्रिकेत कुठेच नसतो. तो फक्त तिचे सर किंवा मॅडम लिहू शकतात.

‘मेहनती आणि आज्ञाधारक’ या दोन शब्दांपेक्षा तोटीचा हा प्रसंग चार ओळींत लिहिलेला बरा. निवड करणाऱ्यांच्या टेबलावर गठ्ठ्याने पत्रं येतात, त्यांतली बहुतेक एका साच्यातली असतात. (आज्ञाधारकपणा हा गुण प्रयोगशाळेत कितपत उपयोगाचा, हाही प्रश्नच आहे.) विद्यार्थ्याची एखादी कमकुवत बाजू पत्रात आली तरी बिघडत नाही. ‘गणित कच्चं होतं, या वर्षी स्वतःहून पाया पक्का केला’ असं वाक्य भारंभार विशेषणांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतं. मात्र असं लिहायचं तर विद्यार्थी ओळखीचा असायला हवा. शंभर-सव्वाशेच्या वर्गात सगळे ओळखीचे होत नाहीत, हे खरं. पण ज्या दहा-बाराजणांना अर्ज करायचा आहे त्यांना आठवड्यातून एकदा तासाभरासाठी बोलावून, एखादा लेख वाचून त्यावर बोलायला लावलं, तरी पत्रासाठी पुरेसा मजकूर जमतो.

पत्र लिहिण्यात कसूर झाली तर काय होतं, याचं एक उदाहरण खुद्द सी. व्ही. रामन यांच्या आयुष्यात आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांनी प्रकाशाच्या विवर्तनावरचा आपला पहिला निबंध प्राध्यापक जोन्स यांच्या हाती दिला. जोन्स भले गृहस्थ, रामन यांना प्रयोगशाळेत मोकळेपणी वावरू देणारे. पण निबंध मात्र त्यांच्याकडे महिनोन् महिने पडून राहिला. अखेर रामन यांनी तो स्वतःच इंग्लंडला धाडला आणि १९०६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ने तो छापला. तेव्हा ते १८ वर्षांचे होते. रामन यांच्याकडे ती हिंमत होती. स्टाफरूमच्या दाराशी घुटमळणाऱ्या मुलीकडे ती असेलच असं नाही.

मजकूर विद्यार्थ्याचाच हवा

‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारे अर्ज मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत. हल्ली संगणकाकडून गुळगुळीत इंग्रजी मजकूर मिनिटात लिहून मिळतो, त्यामुळे सगळे अर्ज आणखीच एकसारखे दिसू लागले आहेत. शिक्षकाने इथे स्वतः लिहून देण्याचा मोह टाळावा आणि प्रश्न विचारावेत. गेल्या सहा महिन्यांत कुठली गोष्ट कळली नाही म्हणून झोप लागली नाही? कुठला प्रयोग पुन्हा करावासा वाटला? उत्तर आधी मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहू द्यावं. इंग्रजी मग बसून दुरुस्त करता येतं. व्याकरण सुधारावं, झालर लावू नये.

मार्गदर्शक निवडतानाही मदत लागते. त्या शास्त्रज्ञाचे एक-दोन शोधनिबंध, निदान त्यांचा सारांश, विद्यार्थ्याने वाचलेला असावा. तसं न करता एकच ई-मेल शंभर ठिकाणी पाठवला जातो. त्यात महिला शास्त्रज्ञाला ‘डिअर सर’ म्हटलेलं असतं, नाहीतर भलत्याच संस्थेचं नाव राहून गेलेलं असतं. ‘पैसे भरा आणि प्रमाणपत्र मिळवा’ छापाच्या इंटर्नशिपच्या जाहिरातींपासून मुलांना सावध करणंही शिक्षकाच्याच वाट्याला येतं.

घरची परवानगी

निवड झाली तरी गाडी अडते ती घरी. दोन महिने मुलगी एकटी बंगळूरला राहणार, तिथे कोण आपलं? प्रवासखर्च अनेक ठिकाणी नंतर परत मिळतो, म्हणजे तिकिटाचे पैसे आधी खिशातूनच घालावे लागतात. अशा वेळी मुलीच्या तोंडी लागण्यापेक्षा शिक्षकांनी स्वतः घरी जावं. संस्थेचं पत्र दाखवावं, वसतिगृहाची सोय सांगावी, मार्गदर्शकाशी वडिलांचं फोनवर बोलणं करून द्यावं. मॅडम असतील तर आईशी दोन शब्द अधिक मोकळेपणी होतात.

मुलींसाठी हा अडसर नवा नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारणारे संचालक रामनच होते. स्वतःचा निबंध पडून राहिल्याचा अनुभव असलेला माणूस दुसऱ्यासाठी दार बंद करू शकतो, हे जरा विचित्रच. कमलाबाई हटल्या नाहीत. एका वर्षाच्या अटीवर त्यांना घेतलं गेलं. तिथे श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिस्तीचे आणि मनापासून शिकवणारे गुरू त्यांना लाभले आणि वर्षाअखेर रामन यांचं मत बदललं. पुढे कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

एक अडचण तर निव्वळ कागदी असते. आपल्या अनेक विद्यापीठांच्या परीक्षा मे महिन्यात, कधी त्याही पुढे लांबतात आणि संस्थांचं काम तेव्हा सुरू झालेलं असतं. वेळापत्रक लागताच शिक्षकाने मार्गदर्शकाला लिहून रुजू होण्याची तारीख पुढे सरकवता येते का, हे विचारावं. विद्यार्थ्याला अशी विनंती करायची भीती वाटते. कॉलेजच्या शिक्क्यानिशी गेलेल्या पत्राकडे मात्र सहसा लक्ष दिलं जातं.

ज्यांची निवड होत नाही ते संख्येने नेहमीच जास्त असतात. त्यांना बोलावून ‘तुझा अर्ज चांगला होता’ एवढं सांगणारं कुणी नसतं. त्यांच्या उन्हाळ्यासाठी जवळपासचं काम शोधता येतं. गावातल्या विहिरींचं पाणी दर आठवड्याला तपासणं, कृषी महाविद्यालयातल्या एखाद्या प्रयोगात हातभार लावणं, आपल्याच कॉलेजात धूळ खात पडलेलं उपकरण चालू करणं. पुढच्या नोव्हेंबरात अर्जात लिहायला मग काहीतरी स्वतःचं असतं आणि सरांनाही पत्रात लिहायला.

तिन्ही अकादम्यांच्या या शिष्यवृत्तीसाठी कॉलेजचे शिक्षकही अर्ज करू शकतात, हे मात्र स्टाफरूममध्ये फारसं बोललं जात नाही. वीस वर्षं तेच बारा प्रयोग घेणाऱ्या शिक्षकाला दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत पुन्हा विद्यार्थी होता येतं. जुलैमध्ये विद्यार्थ्यांसाठी तारखा फळ्यावर लिहिताना त्यांतली एक आपल्याही डायरीत टिपून ठेवायला हरकत नाही.